खरेदीखतापूर्वीचा शोध : मिळकत घेताना वकिलाची निवड आणि साहाय्य

गोदावरीच्या डाव्या तीरावर वसलेली पंचवटी ही नाशिकच्या प्राचीन वस्तीपैकी एक. रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा यांच्या भोवती पुरोहितांचे वाडे, धर्मशाळा, मठ आणि अरुंद बोळ आहेत. तेथून पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड व दिंडोरी नाका ओलांडून पुढे गेले की बाजार समितीचे आवार लागते; आणि त्याही पलीकडे हिरावाडी, म्हसरूळ, मखमलाबाद व आडगावच्या बाजूस एकेकाळच्या मळ्यांत आता घरे व सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, आसपासची खेडी शहरात समाविष्ट झाली आणि शेताच्या बांधाचे रूपांतर कुंपणाच्या भिंतीत होऊ लागले.

अशा भागात मिळकत घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती खरेदी बहुधा आयुष्यातील एकमेव मोठी खरेदी असते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, घरातील दागिने, गावाकडील वाट्याची किंमत आणि वीस वर्षे फेडावयाचे कर्ज असे सारे एकत्र करून ती केली जाते. विकणाऱ्याच्या हक्कात दोष निघाला तर मिळकत जाते आणि कर्जाचे हप्ते मात्र राहतात. असे असूनही रंगाच्या निवडीस जेवढा वेळ दिला जातो तेवढा कागदपत्रांच्या तपासणीस दिला जात नाही, हे कटु सत्य आहे. ही तपासणी कोणी करावी, तीसाठी वकील कसा निवडावा आणि त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

नोंदणी दस्ताची, हक्काची नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. खरेदीखत नोंदले गेले म्हणजे शासनाने मालकीची हमी दिली, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते आणि नोंदणी अधिनियम, १९०८ ने त्या दस्ताची नोंदणी सक्तीची केली आहे. तथापि नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याची मालकी निर्दोष आहे, असा निर्णय दुय्यम निबंधक देत नाही. ज्याच्यापाशी जेवढा हक्क आहे तेवढाच तो दुसऱ्यास देऊ शकतो. दस्त कितीही सुबक असला तरी नसलेला हक्क त्यातून निर्माण होत नाही.

काही देशांत निराळी पद्धत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये टॉरेन्स पद्धत सुरू झाली. तीमध्ये शासनाच्या नोंदवहीतील नाव हाच मालकीचा निर्णायक पुरावा मानला जातो. आपल्याकडे सात-बारा उतारा अथवा मिळकत पत्रिका यांना ते स्थान नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु ती मूलतः महसुलासाठी ठेवलेली नोंद असून केवळ तिच्यामुळे मालकी प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. महानगरपालिकेची घरपट्टी पावती व वीज देयक यांचे मोल तर याहूनही कमी. यास्तव मालकीचा शोध घेण्याची जबाबदारी खरेदीदारावरच येऊन पडते आणि तेथेच वकिलाची गरज निर्माण होते.

दस्तलेखक, दलाल आणि वकील

इंग्लंडमध्ये मिळकतीच्या हस्तांतरणाचे काम परंपरेने सॉलिसिटर करीत आले. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर व अ‍ॅडव्होकेट असे दोन वर्ग होते. ती दुहेरी पद्धत १ जानेवारी १९७७ पासून संपुष्टात आली. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खालील सनद हीच आता सर्वत्र वकिलीची पात्रता आहे. नाशिकसारख्या शहरात हे काम दिवाणी व महसुली बाजू सांभाळणारे वकील करतात.

व्यवहारात खरेदीदाराची गाठ आणखी तिघांशी पडते. पहिला दलाल. व्यवहार पूर्ण झाला तरच त्यास दलाली मिळते. तेव्हा व्यवहार थांबविण्याचा सल्ला त्याच्याकडून अपेक्षिणे योग्य नव्हे. दुसरा दस्तलेखक. सांगितलेला मजकूर विहित नमुन्यात उतरविणे हे त्याचे काम. मजकूर खरा आहे की नाही हे तपासणे त्याच्या कक्षेत येत नाही. तिसरा विकणाऱ्याचा अथवा बांधकाम व्यावसायिकाचा वकील. तो कितीही सज्जन असला तरी त्याची निष्ठा त्याच्या अशिलाशी असते. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकीलही कागदपत्रे पाहतो, पण बँकेच्या कर्जाची वसुली होईल किंवा नाही या दृष्टीने. "बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छ आहेत" हे विधान म्हणून अपुरे ठरते. खरेदीदाराने स्वतःचा, केवळ आपल्यालाच सल्ला देणारा वकील नेमावा, हे या विषयाचे पहिले सूत्र होय.

वकिलाची निवड

निवड करताना सनद, अनुभव आणि स्वातंत्र्य या तीन गोष्टी पाहाव्यात. संबंधित व्यक्ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे नोंदलेली आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. अनुभवाविषयी विचारताना किती वर्षे वकिली केली यापेक्षा कोणत्या प्रकारचे काम केले हे विचारावे. फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला वकील फेरफाराची जुनी नोंद वाचण्यात तितकाच कुशल असेल असे नाही. पंचवटीसारख्या भागात कुळकायदा, इनाम वर्ग, नगर भूमापन आणि विकास योजना या चारही विषयांची माहिती असणारा वकील हवा. वकिलांना जाहिरात करण्यास नियमाने मनाई असल्याने मोठ्या फलकावरून पारख होत नाही. पूर्वी ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतले अशा दोन-तीन कुटुंबांकडे केलेली चौकशी अधिक उपयोगी पडते.

स्वातंत्र्याची कसोटी सोपी आहे. या व्यवहारातील विकणारा, विकसक अथवा दलाल यांच्यासाठी आपण काम करता काय, असा प्रश्न सरळ विचारावा. एका पक्षास सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करू नये, असा व्यवसायाचाच नियम आहे. "दोन्ही बाजूंचा मिळून एकच वकील" हा मार्ग खर्च वाचविणारा दिसतो. मात्र वाद उद्भवला की त्याची किंमत कळते.

फी किती आणि ती कशासाठी, हे आरंभीच लेखी ठरवावे. शोध व अभिप्राय, साठेखत, खरेदीखत आणि त्यानंतरची नोंद ही कामे वेगवेगळी आहेत. फी व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून ठेवू नये. "ही मिळकत घेऊ नका" असे सांगणाऱ्या वकिलासही त्याची पूर्ण फी मिळाली पाहिजे. किंबहुना त्या सल्ल्याचेच मोल सर्वांत अधिक असते. ज्यांना फी परवडत नाही अशांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कायद्यात नमूद केलेल्या इतर घटकांना तेथे विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळू शकते.

तीस वर्षांचा शोध कशासाठी?

मिळकतीचा किमान तीस वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे. तिच्यामागे कारण आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार मालकीच्या आधारे ताबा मागण्याची सर्वसाधारण मुदत १२ वर्षांची असली, तरी गहाण सोडविण्याच्या दाव्यास आणि शासनाच्या दाव्यास ३० वर्षांची मुदत आहे. तेवढ्या काळातील सारे व्यवहार पाहिले म्हणजे जुना दावा अकस्मात उभा राहण्याचा संभव कमी होतो. मात्र तीस वर्षे ही किमान मर्यादा समजावी. जमीन इनामाची, कुळाची किंवा वतनाची असेल तर मूळ प्रदानापर्यंत मागे जावे लागते.

हा शोध एकाच कार्यालयात पूर्ण होत नाही. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ मधून विक्री, गहाण, बक्षीसपत्र, वाटणीपत्र इत्यादी नोंदणीकृत दस्त कळतात. अलीकडील सूची संगणकावर पाहता येतात. परंतु संगणकीकरणापूर्वीच्या नोंदींसाठी कार्यालयातील वह्या पाहणे अपरिहार्य आहे. महसूल विभागाकडून सात-बारा, आठ-अ आणि सर्व फेरफार घ्यावेत. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका व नकाशा, तर महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून विकास योजनेचा भाग नकाशा व झोन दाखला मिळवावा. दिवाणी न्यायालयात दावा प्रलंबित आहे काय आणि त्याची नोटीस नोंदली आहे काय, हेही पाहावे. हक्कलेख बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याची तरतूद राज्यात २०१३ पासून आहे. तीही शोधात समाविष्ट असावी.

सात-बाऱ्यावरील "इतर हक्क" हा रकाना बहुतेक खरेदीदार वाचतच नाहीत. वस्तुतः अनेक व्यवहारांचे भवितव्य तेथेच लिहिलेले असते. "कुळकायदा कलम ४३ ला पात्र", सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, बहिणींची नावे आणि पुनर्वसनासाठी असलेली बंधने या रकान्यात आढळतात.

मिळकतीचा प्रकार आणि तपासणीचा रोख

पंचवटीत ढोबळमानाने चार प्रकारच्या मिळकती विक्रीस येतात. प्रत्येकीची तपासणी निराळी असते.

पहिला प्रकार जुन्या वाड्याचा. वाडा बहुधा एकत्र कुटुंबाचा असतो आणि मिळकत पत्रिकेवर थोरल्या भावाचे अथवा दिवंगत आजोबांचे नाव असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले विधिवत वाटप व हस्तांतरण मात्र या सुधारणेने बाधित होत नाही. तेव्हा वंशावळ तयार करून प्रत्येक वारसाची, विवाहित बहिणींसह, सही अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. वारसांत अज्ञान मूल असेल आणि त्याची स्वतंत्र मिळकत विकावयाची असेल, तर नैसर्गिक पालकास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. वाड्यात भाडेकरू असल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण त्यांना आहे. मालक बदलल्याने ते संपत नाही.

वाड्याच्या बाबतीत नदीकडेही पाहावे लागते. रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीस पाणी कोठवर लागले, यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. १९६९, २००८ आणि २०१६ या वर्षांचे पूर अनेकांच्या स्मरणात आहेत. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील भागात बांधकामावर कडक बंधने आहेत. मालकी निर्दोष असूनही वाडा पाडून नवे घर बांधता आले नाही, तर खरेदीचा हेतूच विफल होतो. म्हणून पूररेषेचा दाखला आधी घ्यावा. तपोवनाच्या बाजूस सिंहस्थ कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी असलेली आरक्षणेही याच दृष्टीने तपासली पाहिजेत.

दुसरा प्रकार देवस्थान अथवा न्यास यांच्याशी संबंधित मिळकतीचा. तीर्थक्षेत्रात असा संबंध अनेक ठिकाणी आढळतो. देवस्थान इनाम वर्ग ३ च्या जमिनीचे वहिवाटदार वा पुजारी हे मालक नसतात. ती जमीन त्यांना विकता येत नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकावयाची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. विश्वस्तांच्या केवळ ठरावावर विसंबणे धोक्याचे आहे.

तिसरा प्रकार मळ्याच्या जमिनीचा व त्यावर पाडलेल्या भूखंडांचा. येथे भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हा पहिला प्रश्न. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे कसत असलेल्या जमिनींचे मालक मानली गेली; अशा जमिनीस कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले आहे काय आणि कलम ४३ च्या अटींचे पालन झाले आहे काय, हे पाहावे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन घेण्यावर कलम ६३ चे बंधन आहे. विकास योजनेत निवासी वापरासाठी दाखविलेल्या जमिनींना कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. प्रस्तुत जमिनीस ती सवलत लागू आहे किंवा नाही, हे वकिलाने लेखी सांगावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ खालील मंजुरीविना घेता येत नाही. कमाल नागरी जमीन धारणा अधिनियम, १९७६ राज्यात २९ नोव्हेंबर २००७ रोजी निरसित झाला असला, तरी त्यातील कलम २० खाली सूट देताना घातलेल्या अटी संपल्या असे समजू नये. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे मंजूर रेखांकनाविना विकले जातात. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि २००१ चा गुंठेवारी कायदा यांच्या तरतुदी वेळोवेळी बदलल्या आहेत. यास्तव मूळ व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशीचा कायदा आणि आजचा कायदा, असे दोन्ही तपासावे लागतात.

चौथा प्रकार सदनिकेचा. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या अधिनियमाने प्रवर्तकावर जमिनीच्या हक्काची खरी माहिती देण्याचे बंधन घातले असून तो हक्क किमान तीन वर्षे वकिली केलेल्या अ‍ॅडव्होकेटने प्रमाणित केलेला असावा लागतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास प्रवर्तकास मनाई आहे. प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. जुन्या इमारतीतील सदनिका घेताना जमिनीचे अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हे अवश्य विचारावे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत स्वस्त वाटली तरी तिची खरी किंमत नंतर चुकवावी लागते.

एक उदाहरण

समजा, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एका शिक्षकाने म्हसरूळच्या बाजूस भूखंड पसंत केला. सात-बाऱ्यावर विकणाऱ्याचे एकट्याचे नाव, घरपट्टी भरलेली, शेजारी सज्जन. विकणारा सांगतो की दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे. इसार आजच द्यावा. शिक्षक थांबतात आणि वकिलाकडे जातात. वकील फेरफार मागवितो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या वारस नोंदीत विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." ही अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा आहे; म्हणजे जमीन वडिलांची एकट्याची नव्हती. पुढील नोंदीत दोन आत्यांची नावे "इतर हक्क" रकान्यात गेली आहेत आणि नंतरच्या एका उताऱ्यात ती उतरलीच नाहीत. नावे वगळण्यास आधार असलेले हक्कसोडपत्र कोठेही मिळत नाही.

येथे वकील दोन मार्ग सुचवितो. आत्या व त्यांचे वारस संमती देऊन खरेदीखतात सामील होत असतील तर पुढे जावे. अन्यथा व्यवहार सोडावा. विकणाऱ्यास राग येतो, दलाल नाराज होतो, पण शिक्षकांची आयुष्याची पुंजी शाबूत राहते. इसार आधी दिला असता, तर तीच पुंजी परत मिळविण्यासाठी कदाचित अनेक वर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली असती. या उदाहरणातील दोष दडवलेला नव्हता. तो सरकारी दप्तरात उघड लिहिलेला होता. तो वाचणारा माणूस तेवढा वेळेवर हवा होता.

वकिलाबरोबर काम करताना

वकील नेमला म्हणजे खरेदीदाराचे कर्तव्य संपले असे नाही. त्याने मिळकत स्वतः, शक्य तर दोनदा, पाहावी. कोण राहतो, कोण कसतो, वाट कोणाच्या जागेतून आहे हे विचारून वकिलास सांगावे. कागदावर न दिसणारा ताबा केवळ जागेवरच दिसतो. आपण ऐकलेली कुणकुणही लपवू नये.

क्रम पुढीलप्रमाणे असावा. आधी शोध, मग इसार. विकणाऱ्याकडील मूळ दस्त पाहावयास मागावेत. हक्कातील महत्त्वाचे दोष सांगणे आणि दस्त तपासणीसाठी उपलब्ध करणे हे १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे त्याचे कर्तव्यच आहे. त्यानंतर स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. नोटिशीने हक्क शुद्ध होत नाही. तथापि झोपलेला हक्कदार जागा होतो आणि खरेदीदाराची सचोटीही दिसून येते. शोधाचा अहवाल लेखी घ्यावा. कोणती कार्यालये व कोणती वर्षे पाहिली, कोणती मिळाली नाहीत आणि कोणते दोष राहिले, हे त्यात स्पष्ट असावे. "हक्क निर्वेध आहे" एवढ्या एका ओळीच्या दाखल्यावर समाधान मानू नये.

साठेखतात किंमत, हप्ते, ताब्याची तारीख, दोष निघाल्यास रक्कम परत करण्याची मुदत आणि बोजे कोणी फेडावयाचे हे लिहावे. साठेखताने मालकी मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे. त्याचप्रमाणे केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे "विक्री" करून मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निर्णयात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मुखत्यारामार्फत खरेदीखत होत असेल तर मूळ मालक हयात आहे काय व मुखत्यारपत्र रद्द झाले नाही ना, याची खात्री करावी.

खरेदीखताचा मसुदा सहीच्या आदल्या दिवशी न घेता किमान आठवडाभर आधी घ्यावा आणि कुटुंबातील सर्वांनी वाचावा. चतुःसीमा, क्षेत्र, गट अथवा नगर भूमापन क्रमांक आणि प्रत्येक नावाचे अक्षर जुळवून पाहावे. शंका असल्यास मोजणी करून घ्यावी. किंमत खरी लिहावी. मुद्रांक शुल्क वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता व प्रत्यक्ष मोबदला यांपैकी अधिक रकमेवर आकारले जाते. रोखीचे व्यवहार टाळावेत; रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा उरत नाही आणि आयकर कायद्याचाही भंग होतो. शेतजमीन वगळता ५० लाख रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीवर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. दस्त सहीनंतर चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. परंतु सही, नोंदणी, उरलेली रक्कम व ताबा ही एकाच दिवशी झालेली उत्तम.

नोंदणीनंतरही काम उरते. सूची क्रमांक २ ची प्रत घेणे, फेरफार अथवा मिळकत पत्रिकेवर नोंद करून घेणे, घरपट्टी व वीज जोडणी नावावर करणे, मूळ दस्त ताब्यात घेणे, ही कामे महिन्या-दोन महिन्यांत पुरी करावीत. फेरफार मंजूर झालेला स्वतः पाहिल्याखेरीज प्रकरण मिटले असे मानू नये.

तक्रारीचा मार्ग

वकिलाने गैरवर्तन केल्यास अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. समज देणे, सनद निलंबित करणे किंवा नाव कमी करणे अशी शिक्षा होऊ शकते. ग्राहक मंचाचा मार्ग मात्र आता खुला नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरविले. हे लक्षात घेता निवडीतील दक्षता आणि लेखी व्यवहार यांचे महत्त्व अधिकच वाढते.

गावातील जाणत्यांची जबाबदारी

खेड्यातील माणूस जमीन घेताना प्रथम सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, तलाठी किंवा शिक्षक यांच्याकडे जातो. त्यांच्या एका शब्दावर मोठ्या रकमा दिल्या जातात. "कागद ठीक आहेत" असे आपुलकीने म्हणण्यापेक्षा "आधी वकिलास दाखवा" असे सांगणे हीच खरी मदत होय. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे सदस्यांनी स्वतः समजून घेऊन इतरांस सांगावे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. त्या चौकशीच्या वेळी बहिणींची व परगावी राहणाऱ्या भावांची नावे सुटू नयेत, याकडे सदस्यांनी लक्ष दिले तर पुढील पिढीतील अनेक दावे आजच टळतील. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यानेही विकणारी व्यक्ती तीच आहे आणि ती समजून-उमजून सही करीत आहे, याची खात्री केल्याशिवाय अंगठा वा सही देऊ नये.

पंचवटीतील वाडा असो, आडगावच्या बाजूचा मळा असो की दूरच्या एखाद्या गावठाणातील दोन खणांचे घर असो, प्रत्येक मिळकतीचा एक पूर्वेतिहास असतो आणि तो बहुतांशी सरकारी दप्तरांत नोंदलेला असतो. तो वाचण्यासाठी लागणारे काही आठवडे आणि वकिलाची फी हा खरेदीचा जादा खर्च नसून तिचा पाया होय.